रुंद आकृती पुढच्याच पानावर का जाते?

दोन कॉलमी शोधनिबंधात पानभर रुंदीची आकृती टाकली की ती सांगितलेल्या जागी बसत नाही, पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊन बसते. लेटेक हा निबंध जुळवायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांची ही जुनी तक्रार. तिचं मूळ पानं जुळवण्याच्या पद्धतीत आहे.

खिळ्यांच्या छपाईत मजकूर आधी एका कॉलमच्या रुंदीने गॅलीत (खिळे ठेवायच्या लांबट तबकात) जुळवला जायचा. प्रुफं तपासून झाली की पान लावणारा कारागीर आधी रुंद ब्लॉक माथ्याला किंवा तळाला ठेवायचा आणि उरलेल्या जागेत मजकूर दोन्ही कॉलमांत वाटायचा. अख्खं पान समोर असल्याने चार ओळी इकडच्या तिकडे करणं त्याच्या हातात होतं.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ पासून घडवलेल्या टेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये ही सोय उरली नाही. टेक परिच्छेदाच्या ओळी तोडताना पूर्ण परिच्छेदाचा विचार करतं, पण पान तोडताना मात्र पुढचं पाहत नाही. पान भरलं की ते बाहेर काढायचं आणि मेमरी मोकळी करायची, कारण त्या काळच्या यंत्रांना अख्खा निबंध पोटात ठेवणं झेपणारं नव्हतं. शिवाय प्रश्नही साधा नव्हता. मायकेल प्लास यांनी १९८१ साली स्टॅनफर्डमधल्या प्रबंधात दाखवलं की आकृती आणि तिचा उल्लेख यांतलं अंतर काही विशिष्ट पद्धतींनी मोजलं, तर सर्वोत्तम मांडणी शोधणं एनपी-कम्प्लीट ठरतं, म्हणजे ती झटपट शोधण्याची कोणतीही रीत माहीत नाही.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक रचलं ते याच पायावर. दोन कॉलमी पानात लेटेक डावा कॉलम पुरा करून बाजूला ठेवतं, मग उजवा भरतं आणि शेवटी दोन्ही शेजारी जोडतं. माथ्यावर रुंद आकृती हवी असेल तर तिच्याएवढी उंची दोन्ही कॉलमांतून आधीच वजा व्हायला हवी, म्हणजे डावा कॉलम सुरू होण्यापूर्वीच. वाचता वाचता ‘फिगर*’ ही रुंद आकृतीची आज्ञा सापडेपर्यंत हे पान सुरू झालेलं असतं, त्यामुळे आकृती रांगेत जाते आणि लवकरात लवकर पुढच्या पानावर उतरते. इलाज एकच, आणि तो कोणत्याही पॅकेजपेक्षा (लेटेकला जोडायच्या तयार पुरवणीपेक्षा) बरा: आकृती ज्या पानावर हवी, त्याच्या आधीच्या पानाच्या मजकुरात तिचा कोड ठेवायचा. मात्र हे मजकूर पक्का झाल्यावरच करावं. नाहीतर दोन परिच्छेद वाढले की सगळं पुन्हा हलतं.

आकृतीच्या आज्ञेत जागा सुचवणाऱ्या अक्षरांपैकी रुंद आकृतीला ‘टी’ (माथा) आणि ‘पी’ (स्वतंत्र पान) एवढीच लागू पडतात. नुसतं ‘एच’ (इथेच) किंवा ‘बी’ (तळ) दिलं तर आकृती रांगेतच अडकते. नुसत्या ‘टी’चाही धोका आहे. मूळ नियमानुसार माथ्यावरच्या रुंद आकृत्यांना पानाच्या उंचीचा ०.७ भागच मिळतो. कॅप्शनसकट आकृती त्याहून उंच झाली तर तिला जागाच उरत नाही, म्हणून ‘टीपी’ अशी दोन्ही अक्षरं द्यावीत. तळाला हवीच असेल तर ‘एसटीफ्लोट्स’ हे पॅकेज आहे.

क्रमाचा घोळ आणखी वेगळा. एका कॉलमच्या आणि रुंद आकृत्यांच्या रांगा पूर्वी स्वतंत्र होत्या, त्यामुळे आकृती ३ ही आकृती २ च्या आधी छापली जाई. ही दुरुस्ती बरीच वर्षं वेगळ्या पॅकेजमध्ये पडून होती. २०१५ च्या आवृत्तीत ती लेटेकच्या गाभ्यात आली आणि रांग एकच झाली. क्रम सुधारला, पण आता एक रुंद आकृती अडकली की तिच्यामागे सगळ्याच अडकतात. निबंधाच्या शेवटी चित्रांचा ढीग दिसला तर आधी रांगेतली पहिली आकृती तपासा.

कॅप्शनची खोड लहान, पण रोजची. लेटेकच्या मूळ क्लासमध्ये (पानरचनेच्या साच्यात) कॅप्शनच्या वर १० पॉइंट आणि खाली शून्य जागा असते, म्हणजे आकृतीखाली लिहायचं हे गृहीत धरलेलं. तक्त्याचं कॅप्शन वर लिहिलं की ते तक्त्याला चिकटतं. अशा वेळी दोन मापांची अदलाबदल करावी. ‘लेबल’ (मजकुरात आकृतीचा क्रमांक आणणारी खूण) नेहमी कॅप्शननंतर द्यावं; आधी दिलं तर संदर्भात आकृतीचा नव्हे, विभागाचा क्रमांक येतो.

मापं मात्र अजून छापखान्याची आहेत. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकांत कॉलम २१ पायका (छपाईचं माप), म्हणजे सुमारे ८८.९ मिमी, आणि पूर्ण रुंदी ४३ पायका, म्हणजे सुमारे १८२ मिमी. आलेख याच मापात काढावा. १० इंच रुंद काढून साडेतीन इंचांत बसवला तर १० पॉइंटची अक्षरं साडेतीन पॉइंटची होतात आणि तपासणारा ती वाचत बसत नाही.

पहिल्या पानावर शीर्षकाखाली रुंद चित्र हवं असेल तर ‘फिगर*’ कामाचं नाही. एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेच्या ‘एसीएमआर्ट’ क्लासमध्ये त्यासाठी ‘टीझरफिगर’ आहे. साध्या क्लासमध्ये ‘टूकॉलम’ आज्ञेच्या चौकटी कंसात शीर्षकाबरोबर चित्रही द्यावं लागतं. तिथे ते तरंगत नसल्याने (त्याची जागा लेटेक ठरवत नसल्याने) नेहमीची ‘कॅप्शन’ आज्ञा चालत नाही, ‘कॅप्शनऑफ’ वापरावी लागते.