डोमेन कोणाच्या नावावर? किनाऱ्यावरच्या वेबसाइट-धंद्याची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वेब डिझायनर आणि गिऱ्हाईक यांच्यातली भांडणं सहसा डिझाइनवरून होत नाहीत. रंग भडक झाला, फोटो हलतो, हे चहावर मिटतं. मिटत नाही ते डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं. बागायतदार म्हणतो, पैसे मी मोजले, नाव माझ्या बागेचं. डिझायनर म्हणतो, नोंद माझ्या खात्यात आहे, आधी मागची बाकी द्या. सातबाऱ्यावर नावं एकाची, कसणारा दुसरा आणि सह्यांसाठी मुंबईला गाठायचे हिस्सेदार वेगळेच, हे पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या मुलखाला हा पेच नवा वाटायला नको. तरी दरवेळी नव्यानेच वाटतो.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकता येतो. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला महानगरांत सुरू झालं, १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. त्याच सुमारास सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला (१९९७), कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली (१९९८), आणि खोल्या भाड्याने देणाऱ्यांना वाटू लागलं की पुण्या-मुंबईच्या माणसाने आपल्याला घरबसल्या शोधावं. ही कामं आली डीटीपीवाल्यांकडे. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेटीचं लेबल आणि निवडणुकीचं पत्रक ज्या मशीनवर व्हायचं, त्याच मशीनवर ‘पाच पानी साइट’ होऊ लागली. मराठी मजकूर छपाईच्या फॉन्टमध्ये टाइप करून चित्र म्हणून चिकटवायचा, कारण बघणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की अक्षरांचा नुसता चिवडा. चित्रातलं मराठी सर्च इंजिनाला वाचता येत नसे, त्यामुळे हौसेने केलेली ती पानं शोधून सापडतच नसत. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसेल अशी अक्षरपद्धत, आल्यावरही ही खोड लवकर गेली नाही.

डोमेनचा गुंता याच काळातला आहे, आणि त्यात सुरुवातीला लबाडी नव्हती, हे आधी सांगितलं पाहिजे. डोमेन विकणारी दुकानं परदेशातली, पैसे क्रेडिट कार्डाने डॉलरमध्ये. बागायतदाराकडे कार्ड नाही, ईमेलही नाही. मग डिझायनर स्वतःच्या नाहीतर एखाद्या मित्राच्या कार्डावर डोमेन घ्यायचा आणि अर्जात स्वतःचंच नाव, स्वतःचाच ईमेल घालायचा. रिन्यूअलची आठवण निदान कोणाला तरी यायला हवी ना! पुढे रिसेलर पॅनल, म्हणजे डिझायनरने डोमेन घेऊन पुढे विकायचं एकच खातं, आलं आणि सगळी गिऱ्हाइकं एकाच पासवर्डाखाली गेली. २००५ साली भारताचं डॉट इन सर्वांना खुलं झालं, पण वहिवाट तीच राहिली.

घोळ वाढवला तो ‘मालकी’ या शब्दाने. बिलावर ओळ एकच असते: वेबसाइट, एक नग. प्रत्यक्षात त्या एका नगात तीन गोष्टी असतात. डोमेन मुळात विकत मिळतच नाही. ते मुदतीने वापरायला मिळतं आणि नोंदीत ज्याचं नाव, त्याचा हक्क. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, मग डॉट कॉमला ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, आणि त्यानंतर ते कोणीही उचलावं. होस्टिंग म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं निव्वळ भाडं. तिसरी गोष्ट कोड आणि मांडणी, आणि इथे कायदा गिऱ्हाइकाच्या समजुतीच्या उलटा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार पहिला हक्क निर्मात्याचा. नोकराने नोकरीत केलेलं काम मालकाचं होतं, आणि पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र किंवा चित्रपट करवून घेणाऱ्याचा होतो. कोड त्या यादीत नाही. तो गिऱ्हाइकाच्या नावावर करायचा तर करार लेखी आणि सहीनिशी हवा, आणि मुदत लिहिली नसेल तर कलम १९ प्रमाणे ती पाचच वर्षं धरली जाते. असा कागद करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ‘आंबो उतरलो की देतंय’ यावर कामं सुरू होतात.

म्हणजे कोडावर डिझायनरचा हक्क त्याला स्वतःला वाटतो त्याहून मोठा आहे, आणि डोमेनवर तो नैतिकदृष्ट्या शून्य. बाकीसाठी डोमेन अडवून ठेवणं म्हणजे मजुरी राहिली म्हणून पाणंदीत दगडी गडगा घालणं. पण सीझन संपून पाऊस पडला, भात लावलं, गणपती आले-गेले तरी पैसे न देणाऱ्यांची बाजूही कोणी फार उगाळू नये.

२०१६ नंतर कार्ड नसल्याची सबब संपली. एप्रिलात यूपीआय आलं, सप्टेंबरात डेटा स्वस्त झाला, साइट बघणारा मोबाइलवर गेला. नोंदी मात्र जुन्याच नावांवर राहिल्या. त्या उघड्या पडल्या जुलै २०१८ मध्ये, जेव्हा सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर सुरक्षा-प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक साइटवर ‘असुरक्षित’ असा शेरा मारू लागला. प्रमाणपत्र बसवायला होस्टिंगचा पासवर्ड लागतो, आणि तो आपल्याकडे कधी नव्हताच, हे गिऱ्हाइकाला तेव्हा कळलं. त्याच वर्षी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते साइटवर मिरवायची घाई झाली.

मग मार्च २०२०. ऐन सीझनमध्ये टाळेबंदी, बाजार विस्कळीत, पेट्या थेट सोसायट्यांच्या गेटवर पोचवायच्या. साइट आठवड्यात हवी होती, आणि जुन्या डोमेनच्या चाव्या ज्याच्याकडे तो फोन उचलत नव्हता, अशी कितीतरी जणांची गत झाली. बऱ्याच जणांनी साइटचा नाद सोडून ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतल्या. ती सवय टिकली.

आता निवास-न्याहारीवाल्यांचं बरंचसं काम नकाशावरच्या नोंदीवर आणि इन्स्टाग्रामवर चालतं. ती खाती उघडून देतो तोच डिझायनर, त्याच्याच जीमेलवरून. घर विकलं जातं, चालवणारा बदलतो, आणि ‘मासे अप्रतिम’ या रिव्ह्यूखाली आभार अजून डिझायनरच्याच फोनवरून मानले जातात.