सांकेतिक भाषा वर्गात यायला शंभर वर्षं का लागली

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पाप', 'बाप', 'माप' म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ख, ग तर ओठांवर दिसतच नाहीत, ते जिभेच्या मागच्या भागात होतात. एवढ्या अपुऱ्या खुणांवरून कर्णबधिर मुलानं अख्खी भाषा शिकावी, ही अपेक्षा आपल्या विशेष शाळांनी जवळजवळ शतकभर बाळगली.

या हट्टाचं मूळ इटलीत आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूंनी खुणांतून शिकवणारी शाळा उभी केली होती आणि तिथून कर्णबधिर शिक्षकांची एक परंपराच निघाली. १८८० साली मिलानमध्ये भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या परिषदेनं मात्र मौखिक पद्धतच, म्हणजे खुणांऐवजी बोलून आणि ओठ वाचून शिकवणंच, श्रेष्ठ असा ठराव केला. मतदान करणाऱ्यांत कर्णबधिर प्रतिनिधी एकच होता. भारतातली पहिली शाळा मुंबईत बिशप लिओ म्युरिन यांनी काढली ती याच दशकात, आणि कोलकात्याची १८९३ साली. आपल्याकडच्या शाळांची सुरुवातच मिलानच्या वाऱ्यात झाली. वर्गात वाचा-प्रशिक्षण, ओष्ठवाचन, पुढे श्रवणयंत्र. हात मात्र खाली.

सांकेतिक भाषा तरीही जगली, कारण बहुतेक शाळांना वसतिगृह होतं. कर्णबधिर मुलांचे आईवडील बहुधा ऐकणारे असतात, त्यामुळे घरी ही भाषा मिळत नाही. ती मिळाली जेवणाच्या पंगतीत, खेळाच्या मैदानावर, थोरल्या मुलांकडून धाकट्यांना. शिक्षक ज्याला नुसते हातवारे समजत होते, त्याला व्याकरण होतं. १९७०च्या दशकात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळुरू इथल्या खुणा तपासल्या, तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश खुणा एकमेकींशी नातं सांगणाऱ्या निघाल्या. पुढे भाषाशास्त्रज्ञ उलरिके त्सेशान यांनी या भाषेचं व्याकरण मांडलं.

ते व्याकरण मराठीचं नाही, आणि शाळेत नेमकी इथंच गफलत होते. 'काय', 'कुठे' असा प्रश्नशब्द वाक्याच्या शेवटी येतो. नकारही शेवटी. होय-नाही उत्तराचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. चेहरा कोरा ठेवला तर तेच वाक्य साधं विधान होतं. पुरुषासाठी मिशीची खूण, बाईसाठी नाकातल्या चमकीची. शिक्षक तोंडानं मराठी बोलत हातानं खुणा करू लागले की दोन व्याकरणं एकमेकांवर आदळतात. बोलण्याच्या वेगात हात मागे पडतात, निम्म्या खुणा गळतात आणि चेहरा बोलण्यात अडकतो. मुलाला मिळतात सुटे शब्द, वाक्य नाही. मग 'खुणा वापरूनही मुलं मागेच राहतात' असा निष्कर्ष काढला जातो. हा मुलांवर सरळ अन्याय आहे.

संस्थात्मक पाठबळ फार सावकाश आलं. वांद्र्याची कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ची, पण तिथं सांकेतिक भाषेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो २००१ साली. मिलानचे ठराव कर्णबधिर शिक्षणाच्याच व्हँकुव्हरच्या परिषदेनं २०१० मध्ये नाकारले. दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झालं. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ पर्यंत तो १०,००० वर गेला. दरम्यान २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत दिव्यांग शिक्षकही, तयार करून नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२०च्या शिक्षण धोरणात सांकेतिक भाषेच्या देशभर प्रमाणीकरणाचा मुद्दा आला, सोबत स्थानिक सांकेतिक भाषांचा मान राखण्याची ग्वाहीही. ती ग्वाही विसरू नये. वसतिगृहात घडलेली खूण शब्दकोशात नाही म्हणून चूक ठरत नाही. २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं माध्यमिक स्तरावर भारतीय सांकेतिक भाषा हा भाषा-विषय म्हणून आणली.

पण माध्यमिक स्तर म्हणजे मूल चौदा-पंधरा वर्षांचं. भाषा रुजायचं वय पहिल्या पाच वर्षांचं. कर्णबधिर व्यक्तींना ही भाषा इतरांना शिकवता यावी म्हणून दिल्लीचं केंद्र दोन वर्षांची पदविका देतं. असा एक तरी शिक्षक बालवाडीच्या वर्गात पूर्णवेळ हवा, आणि आठवड्यातून एक दिवस त्याच वर्गात आईवडिलांसाठी तास हवा. शाळेत शिकलेली खूण घरी कुणालाच कळत नसेल, तर मूल संध्याकाळी पुन्हा गप्प होतं.