साठा सर्वांचा : स्लाइपनर ते ऑयगार्डन

ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑयगार्डन इथून समुद्रतळाखाली कार्बन डायऑक्साइड सोडायला सुरुवात झाली. हा वायू तिथला नव्हता. देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रेविक गावातल्या सिमेंट कारखान्याच्या धुरातून तो पकडला होता आणि द्रवरूप करून जहाजाने आणला होता. पकडणारा वेगळा आणि साठवणारा वेगळा, ही आज साधी वाटणारी विभागणी सुचायला आणि जमायला बराच काळ गेला.

मूळ आहे एका करात. १९९१ मध्ये नॉर्वेने समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर लावला. स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डायऑक्साइड होता आणि विक्रीसाठी तो अडीच टक्क्यांवर आणणे भाग होते. वेगळा काढलेला वायू हवेत सोडला तर कर बसणार. म्हणून स्टॅटऑइल कंपनीने १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा वाळूखडकात सोडायला घेतला, वर्षाला सुमारे १० लाख टन. पुढे अनेक वर्षे भूकंपलहरींच्या सर्वेक्षणांतून तो खडकात कसा पसरतो हे तपासले गेले. हा पुरावा हाती नसता तर पुढच्या कशावरच कोणी विश्वास ठेवला नसता, असे मला वाटते. मात्र इथे वायू, विहीर आणि खर्च, सगळे एकाच क्षेत्राचे होते.

जमिनीवर गोष्ट अवघड निघाली. मार्च २००० मध्ये पंतप्रधान बोंडेविक यांचे सरकार कार्बन न पकडता वायूवर वीजकेंद्रे चालवावीत का या वादामुळे कोसळले. २००७ च्या नववर्षाच्या भाषणात पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी मोंगस्टाड इथल्या वायू-वीजकेंद्राचा कार्बन पकडण्याच्या प्रकल्पाला देशाची चांद्रमोहीम म्हटले. २०१२ मध्ये तिथे चाचणी केंद्र उघडले आणि ते टिकले. पण वायू पकडण्यासाठी लागणाऱ्या अमाईन रसायनांचा आरोग्यावर काय परिणाम होईल हा प्रश्न आला, खर्च आणि मुदत वाढत गेली, आणि सप्टेंबर २०१३ मध्ये मोठा प्रकल्प रद्द झाला. सगळा भार एकाच ठिकाणावर टाकला होता, ही माझ्या मते त्यातली मोठी चूक.

पुढचा विचार वेगळ्या दिशेने झाला तो सिमेंटमुळे. सिमेंटच्या कार्बनपैकी साधारण दोनतृतीयांश खुद्द चुनखडीतूनच निघतो. इंधन बदलले तरी तो थांबत नाही. पण एका गावातला कारखाना समुद्राखाली स्वतःचा साठा कुठून खोदणार? शेतकरी सामायिक विहीर पाडतात, तसाच हा हिशेब. फक्त वायूची हमी नाही म्हणून साठा कोणी बांधेना आणि साठा नाही म्हणून वायू कोणी पकडेना.

ही कोंडी सरकारने फोडली. २०२० मध्ये ‘लांगशिप’ योजना जाहीर झाली. अंदाजे खर्च २,५१० कोटी क्रोनर, त्यातला १,६८० कोटींचा वाटा सरकारचा. साठवणुकीचे काम इक्विनॉर (म्हणजे पूर्वीची स्टॅटऑइल), शेल आणि टोटल यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’कडे गेले. ब्रेविक आणि ऑस्लोचे कचरा जाळणारे वीजकेंद्र मिळून वर्षाला जेमतेम ८ लाख टन देणार होते, तरी पहिल्या टप्प्याची क्षमता १५ लाख टन ठेवली. उरलेली जागा शेजाऱ्यांसाठी होती, आणि सामायिकपणाचा खरा अर्थ या जादा जागेतच आहे.

शेजाऱ्यांच्या वाटेत मात्र कायदा आडवा होता. समुद्रात टाकाऊ पदार्थ टाकण्याबाबतचा १९९६ चा लंडन प्रोटोकॉल असा वायू दुसऱ्या देशात पाठवू देत नव्हता. २००९ ची दुरुस्ती पुरेशा देशांच्या मंजुरीअभावी पडून होती. २०१९ मध्ये ती तात्पुरती लागू करण्याची मुभा मिळाली.

ऑयगार्डनहून सुमारे १०० किलोमीटरची पाइपलाइन जाते आणि वायू समुद्रतळाखाली २,६०० मीटरवर सोडला जातो. ऑस्लोचे काम खर्च वाढल्याने २०२३ मध्ये थांबले होते, ते जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये स्टॉकहोमच्या ऊर्जा कंपनीने वर्षाला ९ लाख टनांपर्यंतचा करार केला आणि क्षमता किमान ५० लाख टनांवर नेण्याचा निर्णय झाला.