शेडच्या कोटेशनमधील आकडे मोबाइलवर कसे ताडून पाहावेत

आमच्याकडून पत्र्याची शेड, जिना किंवा ग्रिलचे काम करून घेणाऱ्या प्रत्येक ग्राहकास कोटेशनमध्ये पत्र्याची लांबी, लोखंडाचे वजन आणि कराची रक्कम लेखी दिली जाते. हे आकडे आपण स्वतः ताडून पाहावेत, अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी यंत्र विकत घेण्याचे कारण नाही. डेस्मॉसचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये मोफत चालतो, आणि गूगलच्या शोधपट्टीत एखादे गणित लिहिले तरी कॅल्क्युलेटर उघडतो. जे संकेतस्थळ आधी आपला मोबाइल नंबर मागते, ते सरळ बंद करावे; कोनाचे गणित करायला कोणाच्या नंबराची गरज पडत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा कोनाच्या एककात होतो. कोटेशनमधील उतार आम्ही अंशांत लिहितो, पण अनेक ऑनलाइन कॅल्क्युलेटर उघडताना रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर असतात. म्हणून पडद्यावर ‘रॅड’ (रेडियन) आणि ‘डेग’ (अंश) अशी जी बटणे दिसतात, त्यांतील ‘डेग’ निवडून आधी साइन ३० काढून पाहावे. उत्तर ०.५ आले तर पुढे जावे, उणे ०.९८८ आले तर कॅल्क्युलेटर अजून रेडियनवरच आहे. काही कॅल्क्युलेटरवर आधी ३० लिहून मग साइन दाबावे लागते, तेही याच चाचणीत कळते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शेडची आडवी रुंदी २० फूट असून एकाच बाजूला १५ अंशांचा उतार द्यायचा आहे. पत्र्याची लांबी म्हणजे २० भागिले कॉस १५, अर्थात २०.७१ फूट, आणि उंच बाजूची भिंत सखल बाजूपेक्षा २० गुणिले टॅन १५, म्हणजे ५.३६ फूट वर जाते. भिंतीपुढे पत्रा काढायचा असेल, तर ती लांबी आधी आडव्या अंतरातच मिळवावी. एका ग्राहकांनी हेच गणित करून ‘तुमचा पत्रा उणे २६ फूट येतो’ असे आम्हाला फोनवर कळवले होते. गणित त्यांनी बरोबर मांडले होते, फक्त कॅल्क्युलेटर रेडियनवर होता.

येथेच दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते, कारण तिच्यात आकडा विचित्र दिसत नाही. २०.७१ फूट म्हणजे २० फूट ७ इंच नव्हे. दशांशचिन्हापुढील ०.७१ ला १२ ने गुणल्यावर साडेआठ इंच येतात, म्हणून खरी लांबी २० फूट साडेआठ इंच. दीड इंच पत्रा आखूड कापला गेला, तर पागोळ्या पन्हाळीत न पडता भिंतीवरून उतरतात.

गोल सळईचे वजन काढताना व्यासाचा मिलिमीटरमधील वर्ग १६२ ने भागला, की एका मीटरचे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८८९ किलो भरते, आणि १२ मीटरचा पूर्ण नग १०.६७ किलो. हा १६२ कुठून आला, असे बरेच जण विचारतात. पोलादाचे वजन घनमीटरला ७८५० किलो धरले जाते. त्यावरून ४ गुणिले १० लाख, भागिले पाय (π, म्हणजे सुमारे ३.१४) गुणिले ७८५०, असे मांडले की १६२.२ येते. मात्र ‘पाय गुणिले ७८५०’ हा भाग कंसात घालणे आवश्यक आहे. कंस विसरला तर कॅल्क्युलेटर आधी पायने भागतो, नंतर ७८५० ने गुणतो, आणि उत्तर ९९९ कोटींच्या वर जाते. भागाकाराच्या खाली एकाहून अधिक आकडे असतील तेथे कंस घालण्याची सवयच लावून घ्यावी.

करासाठी टक्क्याचे बटण वापरू नये, कारण ‘अधिक १८ टक्के’ याचा अर्थ प्रत्येक कॅल्क्युलेटर सारखाच घेतो असे नाही. काही ठिकाणी मूळ रकमेत नुसते ०.१८ मिळवले जातात. ४८,५०० रुपयांच्या कामावर १८ टक्के जीएसटी धरायचा, तर सरळ १.१८ ने गुणावे. ५७,२३० रुपये येतात. उलट करासह रकमेतून मूळ रक्कम काढताना १.१८ ने भागावे. ५७,२३० मधून १८ टक्के वजा केल्यास ४६,९२८ रुपये ६० पैसे येतात, आणि मग आम्ही जास्त रक्कम लावल्याचा गैरसमज होतो.

मधल्या पायरीवर आकडे तोडू नयेत. शेवटचे उत्तर तेवढे जवळच्या पाव इंचापर्यंत आणावे. एवढे करूनही आमच्या आणि आपल्या मापात अर्ध्या इंचाहून अधिक फरक राहिला, तर पत्रा कापण्यापूर्वी आपण लिहिलेले पूर्ण गणित दिसेल असा पडद्याचा फोटो घेऊन वर्कशॉपमध्ये यावे. नुसत्या उत्तरावरून चूक कोणाची, हे आम्हालाही सांगता येत नाही.