वॉशिंग मशीन आणि हाताचे धुणे (मराठवाडा)

कपडे घुसळणे, खळबळणे व पिळणे ही कामे विजेच्या मोटरवर करणारे यंत्र. बोलताना नुसते 'मशीन' म्हणतात. मराठवाड्यात नळाला रोज पाणी येईलच असे नसते आणि बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते, त्यामुळे मशीनचा फायदा ते कोणत्या प्रकारचे आहे यावर ठरतो.

हातधुण्यात सर्वांत जास्त जोर पिळायला लागतो. भिजलेले नऊवारी लुगडे किंवा जाड चादर एकटीला पिळवत नाही. मनगट आणि कंबर भरून येते, सोड्याने बोटांची सालटे निघतात. मशीनचा स्पिनर, म्हणजे कपडे पिळणारा टब, मिनिटाला साधारण १,३०० फेरे घेऊन हे काम तीन-चार मिनिटांत उरकतो. मे महिन्यात त्याचे अप्रूप नाही, दोरीवरचे कपडे तसेही बघता बघता वाळतात. श्रावणाच्या झडीत मात्र कुबट वास टळतो तो यामुळेच. कापडाचे अनेक थर शिवलेली गोधडी लहान मशीनमध्ये घालू नये. ती एका बाजूला गोळा होते आणि मशीन जागा सोडून सरकते.

एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिकच सोयीचे; त्यात एका टबात कपडे धुऊन ते हाताने पिळण्याच्या टबात टाकायचे असतात. टिपाडातून बादलीने पाणी ओतता येते, आणि एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले कपडे निघतात. पावडरीतून काढलेले कपडे खळबळण्याआधी एकदा स्पिनरमध्ये फिरवावेत. साबण तिथेच निघून जातो आणि खळबळायला पाणी कमी लागते. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड (वरून कपडे टाकायचे, सगळे आपोआप करणारे मशीन) दर खेपेला सगळे पाणी सोडून देते, आणि ते १०० लिटरच्या वरही जाऊ शकते. शिवाय नळाला दाब हवा. टाकी पुरेशी उंच नसली की पाणी वेळेत भरत नाही आणि मशीन मध्येच थांबते.

जड पाण्यात वडीच्या साबणाला फेस येत नाही, चिकट साका धरतो आणि पांढरे कपडे राखी पडतात. डिटर्जंट पावडर यात बरी चालते. फ्रंट लोडच्या (समोरून दार असलेल्या मशीनच्या) पाणी तापवणाऱ्या हीटरवर मात्र क्षार बसतात. दोन-तीन महिन्यांनी १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून रिकामे मशीन गरम पाण्यावर चालवावे. पाणी येण्याच्या पाइपाची जाळीही तेव्हाच धुवावी.

काळ्या मातीचे कपडे वाळवून, झटकून मगच टाकावेत, नाहीतर गाळ टबाच्या तळातल्या चकतीखाली बसतो. कॉलर आणि कफाला ब्रश हातानेच मारावा लागतो; पैठणी, हिमरू (रेशीम-सुताचे नक्षीदार कापड) मशीनमध्ये घालूच नये.

व्होल्टेज कमी असले की मोटर नुसती गुणगुणते, टब फिरत नाही. तेव्हा लगेच बंद करावे, नाहीतर मोटरमधली तारेची गुंडाळी (वाइंडिंग) जळते. स्पिनरचे झाकण उघडताच तो काही सेकंदांत थांबला पाहिजे, न थांबल्यास ब्रेकची तार तपासावी. ओल्या जागेत अर्थिंगशिवाय मशीन लावू नये. सेमी-ऑटोमॅटिकचे पाणी उताराने जाते, म्हणून ड्रेन पाइप टबाच्या तळापेक्षा खाली हवा. खालची बाजू उघडी असल्यास तिथे जाळी ठोकावी. उंदीर वायर कुरतडतात.