वजाबाकीतून सापडलेला विषाणू

त्वचेचा कर्करोग म्हटलं की उन्हाकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. मर्केल पेशींचा, म्हणजे त्वचेतल्या स्पर्श जाणणाऱ्या पेशींच्या नावाने ओळखला जाणारा कर्करोग मात्र वेगळा. तो दुर्मीळ, पण झपाट्याने पसरणारा. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांत आणि एड्सच्या रुग्णांत तो जास्त दिसतो. प्रतिकारशक्ती खचल्यावर डोकं वर काढतो, म्हणजे यामागे एखादा संसर्ग असावा, असं पिट्सबर्ग विद्यापीठातल्या युआन चँग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याला वाटलं.

त्यांच्या चमूने चक्क वजाबाकी केली. चार गाठींमधल्या जनुकीय संदेशांचे जवळपास चार लाख तुकडे वाचले आणि माणसाच्या जनुकांशी जुळणारे सगळे बाजूला काढले. उरलेल्यांत एक तुकडा पॉलिओमा कुळातल्या विषाणूंशी मिळताजुळता निघाला. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तपासलेल्या १० पैकी ८ गाठींत हा विषाणू होता.

पण हा विषाणू बहुतेकांच्या त्वचेवर निमूटपणे राहत असतो. मग गाठ त्यानेच केली कशावरून? विषाणूचा डीएनए रुग्णाच्या गुणसूत्रात घुसला होता, आणि बहुतेक गाठींत प्रत्येक पेशीत अगदी त्याच जागी. एका रुग्णाच्या मूळ गाठीत आणि दुसरीकडे पसरलेल्या गाठीतही जागा तीच. म्हणजे आधी एका पेशीत विषाणू शिरला, आणि तिच्याच वंशजांची गाठ नंतर वाढली. हा पुरावा मला सगळ्यात देखणा वाटतो.

विषाणूचं ‘लार्ज टी’ नावाचं प्रथिन दोन कामं करतं. एका भागाने ते पेशीच्या आरबी प्रथिनाला जखडतं. आरबी म्हणजे पेशीविभाजनाचा ब्रेक. दुसऱ्या भागाने ते विषाणूच्या डीएनएच्या प्रती काढतं. गाठींमध्ये हा दुसरा भाग उत्परिवर्तनाने तुटलेला असतो. तो शाबूत राहिला असता, तर गुणसूत्राच्या मधूनच प्रती निघू लागल्या असत्या आणि पेशी टिकली नसती. जोडीला ‘स्मॉल टी’ असतं. प्रयोगशाळेत उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पेशींना ते एकटंच कर्करोगी वळण लावतं.

गंमत म्हणजे यात विषाणूच्या पदरात काहीच पडत नाही. गुणसूत्रात अडकलेला, प्रती काढता न येणारा विषाणू दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचणार कसा? गाठीला मात्र त्याची प्रथिनं सोडवत नाहीत. ती बंद पाडली की प्रयोगशाळेत या पेशींची वाढ खुंटते. शिवाय ती शरीराला परकी असल्याने प्रतिकारशक्तीला ओळखता येतात. या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारं अवेलुमॅब हे औषध २०१७ मध्ये अमेरिकेत या कर्करोगासाठी मंजूर झालं.