डॉकटेस्ट

पायथन भाषेत लिहिलेल्या सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे खरोखर चालवून पाहणारे मोड्यूल. टिम पीटर्स यांनी ते लिहिले आणि २००१ साली आलेल्या पायथन २.१ पासून ते भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे.

फंक्शनचे नाव किंवा पॅरामीटर बदलला की जुन्या पद्धतीने ते वापरणारा कोड कुठेतरी अडतो आणि चूक कळते. डॉक्युमेंटेशनमधले उदाहरण मात्र निमूटपणे तसेच राहते. नवशिका तेच कॉपी करतो, एरर येते आणि आपल्यालाच समजले नाही असे त्याला वाटते. उदाहरण मुळीच नसण्यापेक्षा हे वाईट.

पायथनच्या शेलमध्ये >>> या खुणेपुढे कोड लिहितात, उत्तर खालच्या ओळीत येते. हा मजकूर जसाच्या तसा डॉकस्ट्रिंगमध्ये, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या फंक्शनच्या वर्णनात, टाकायचा. डॉकटेस्ट त्या खुणा शोधतो, कोड चालवतो आणि आलेले उत्तर लिहिलेल्या उत्तराशी अक्षरशः ताडून पाहतो. २००८ मध्ये पायथन ३.० आल्यावर ‘प्रिंट’ला कंस आवश्यक झाले, कंस नसलेली जुनी उदाहरणे अशा तपासणीत लगेच नापास होतात.

अक्षरशः ताडण्याचा जाच मात्र होतो. ऑब्जेक्टचा मेमरी अ‍ॅड्रेस दर वेळी वेगळा येतो, सेटमधल्या घटकांचा क्रम ठरलेला नसतो. त्यासाठी ‘एलिप्सिस’ हा पर्याय आहे: तो चालू केला की उत्तरातल्या तीन टिंबांच्या जागी कोणताही मजकूर चालतो. पण असे पर्याय चालू करणाऱ्या सूचनांची उदाहरणात गर्दी झाली की उदाहरण वाचकासाठी उरत नाही. तशी तपासणी वेगळ्या युनिट टेस्टमध्येच (कोडचा एकेक भाग तपासणाऱ्या स्वतंत्र कोडमध्ये) असावी.

हीच कल्पना इतर भाषांतही आहे. एलिक्सरमधली सोय पायथनच्या बरीच जवळची आहे. गो भाषेत उदाहरणे टेस्टच्या फाइलमध्ये फंक्शन म्हणून लिहितात. अपेक्षित आउटपुटची कॉमेंट नसेल तर ती फक्त कंपाइल होतात, चालत नाहीत. रस्टमध्ये ‘कार्गो टेस्ट’ ही कमांड लायब्ररीच्या डॉक कॉमेंटमधला (डॉक्युमेंटेशनसाठी कोडमध्ये लिहिलेल्या टिपांमधला) कोडही तपासते. तिथे # ने सुरू होणारी ओळ कंपाइल होते, पण वाचकाला दिसत नाही. तयारीचा कोड लपवण्याची ही सोय मोलाची आहे, कारण वाचकापुढे फक्त मुद्द्याच्या ओळी राहतात.

उदाहरणाभोवतीचे गद्य यांपैकी कोणतेच साधन तपासत नाही. ‘रिकामी यादी दिल्यास शून्य मिळते’ हे नुसतेच वाक्यात लिहिले असेल, तर कोड बदलल्यावर ते खोटे ठरले तरी सर्व टेस्ट पास होतात. ते वाक्य कोड रिव्ह्यू करणाऱ्यालाच वाचावे लागते.